मूळपुरुषाचा विळा

वच्छलेला कळा सुरू झाल्या तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता.

तो जानरावांनीच भरायला लावला होता. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून घरात रिकामी जागा दिसली की त्यांचा जीव कासावीस होई. माजघर भरलं, मागची पडवी भरली, देवघरही अर्धं भरलं, तेव्हा देवांनीसुद्धा जरा सरकून घेतलं. भाव अजून चढणार आहे, विकायची घाई कशाला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात माणसं एकमेकांशी लढत होती, म्हणून तिवशाजवळच्या या खेड्यात एका माणसाच्या बैलांच्या शिंगांना चांदीची कडी चढली. यात त्या माणसाची स्वतःची अक्कल किती, हा विचार जानराव कधीमधी एकटे असताना करत आणि उत्तर सापडलं की हसत. स्वतःला हसता येणं हा त्यांचा गुण होता. हसण्याजोगं पुष्कळ हाताशी होतं, ही त्यांची सोय होती.

गोदाबाई, त्यांची बायको, सकाळी ओसरीवर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सुनेले कापसात बाळंत करू का?"

पौर्णिमेनंतर होईल म्हणून सांगितलं होतं, असं जानराव म्हणाले. लेकरू काही पंचांग पाहून येत नाही, असं गोदाबाईंनी सांगितलं आणि त्या आत निघून गेल्या. मग गडी, बाया, स्वतः जानराव, सगळे पाट्या घेऊन त्या खोलीला भिडले. कापूस जायला दुसरी जागाच नव्हती, तो बैठकीत आला. बैठकीत गेल्या साली अमरावतीहून आणलेलं काचेचं झुंबर होतं. ते टांगायजोगी तुळई घरात नव्हती, म्हणून ते जमिनीवरच बसून असे. त्याच्यावर कापूस पडला आणि घरातली सगळ्यात महागडी वस्तू दिसेनाशी झाली. जानरावांना जरा बरंच वाटलं. त्या झुंबराकडे पाहिलं की त्यांना स्वतःचीच आठवण होई.

खोली रिकामी झाली, सारवली गेली, बाज पडली. वच्छला भिंतीला धरून हळूहळू आत गेली. जाताना तिनं सासऱ्यांकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही.

या मुलीला काय वाटत असेल ते जानरावांना ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक नाही असं म्हणायची सोय नव्हती. तिचं हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही लेकरं चांगली धडधाकट जन्मली, रडली, प्यायली. आणि सटवाईच्या पूजेची फुलं वाळायच्या आत दोघांचेही ओठ घट्ट मिटले, जबडा बसला, एवढंसं अंग धनुष्यासारखं वाकलं आणि रडणं थांबलं. सटवाईनं नेलं, असं बायका म्हणाल्या. पुरुष काही म्हणाले नाहीत, पण चुलतभाऊ महादेवरावांनी वच्छलेच्या नवऱ्यासाठी, रामरावासाठी, अचलपूरची एक मुलगी पाहून ठेवली. जानराव त्यावर "पाहू" म्हणाले होते. त्या घराण्यात "पाहू" म्हणजे निम्मं कबूल, आणि ते आतल्या खोलीपर्यंत ऐकू गेलं होतं. रामराव बिचारा कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला होता. बाळंतपण आणि दुसरं लग्न, दोन्ही गोष्टींपासून त्याला लांब राहायला आवडे. बापावरच गेला होता.

वच्छलेची आई आशाबाई अकोल्याकडून चार दिवस आधीच आल्या होत्या. त्या बाळंतिणीच्या दाराशी बसल्या आणि पदर खोचून व्याह्यांकडे वळल्या.

"याहीबुवा, या खेपी इळा लागू द्याचा नाई."

आता या विळ्याबद्दल सांगायला हवं. जानरावांच्या कोण्या मूळपुरुषानं हे रान पहिल्यांदा तोडलं तेव्हाचा तो विळा. तो देवघरात असे आणि घराण्याच्या थोरल्या शाखेतल्या प्रत्येक लेकराची नाळ त्यानंच कापली जाई. तो धुवायचा नाही, धुतला तर बरकत जाते. दर खेपेला हळद लावायची आणि परत ठेवायचा. खुद्द जानरावांची नाळ त्यानंच कापली होती आणि ते जगले होते, हा त्या विळ्याच्या बाजूनं मोठा पुरावा मानला जाई. कापसाचा पैसा आल्यावर जानरावांनी अमरावतीच्या सोनाराकडून त्याला चांदीची मूठ बसवून घेतली. पात्याला मात्र हात लावू दिला नाही. पात्यावरचा गंज हा पूर्वजांचा आशीर्वाद आहे, असं त्यांनी सोनाराला सांगितलं. सोनार म्हणाला, खरं आहे.

आशाबाईंचं बोलणं ऐकून जानरावांनी मान हलवली. ती होकारार्थी हलवली की नकारार्थी, हे त्यांनाही कळलं नाही. त्यांच्या मनात खरोखर भीती होती. दुसरं लेकरू गेलं तेव्हापासून तो विळा दिसला की ते देवघरातून चटकन बाहेर येत. पण गोदाबाई त्या विळ्याला रोज फूल वाहते, सुईण तानुबाई त्याच्याशिवाय नाळेला हात लावणार नाही, मग आपण पुरुषमाणसानं बाळंतिणीच्या गोष्टीत कशाला तोंड घालावं? असा सगळा विचार करून ते गप्प राहिले. गप्प राहण्याला ते मोठेपणा समजत.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली होती. कळा सुरू झाल्याचं कळताच तिवशाला गाडी पाठवली होती. तिथं अमरावतीच्या दवाखान्यातले चिंतामणराव लोकांना देवी टोचायला आले होते. चिंतामणरावांवर जानरावांचा विश्वास होता आणि त्याचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. पावसाळ्यात जानरावांना अशा जागी गळू झालं होतं की कापसाचा एवढा धनी अमरावतीपर्यंत गाडीत पालथा पडून गेला. चिंतामणरावांनी ते फोडलं. फोडण्याआधी त्यांनी हात धुतले, फोडल्यावर धुतले, सुरी धुतली. जानरावांना तेव्हा वाटलं, ब्राह्मण आहे, सोवळं पाळतो. पण गळू पुन्हा आलं नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं. माणसाला शहाणपण कुठून येईल ते सांगता येत नाही.

चिंतामणराव दुपारच्या आत आले. लहानसर, शेलाटे, डोक्याला पागोटं, हातात पेटी. त्यांनी आल्या आल्या खोलीत जातो म्हटलं आणि दारातल्या बायकांनी दार भरून टाकलं. मग ते उंबऱ्याबाहेर घोंगडीवर बसले आणि तिथूनच बोलायला लागले. हवा खेळली पाहिजे, बाजेखालची शेगडी काढली पाहिजे, सुईणीनं हात धुतले पाहिजेत, पाणी भरपूर पाजलं पाहिजे. मुंबईच्या दवाखान्यात असं करतात, तसं करतात. फार सुंदर बोलले. जानरावांना सगळं पटलं. बायकांपैकी एकीनंही मान हलवली नाही. तानुबाई तर आत जाऊन वच्छलेची कंबर चोळायला बसली.

गोदाबाईंनी मधेच विचारलं, "तुमाले लेकरं किती जी?"

चिंतामणरावांनी मांडीवरची पेटी खाली ठेवली. "दोन होती. एक आहे."

"दुसऱ्याले काय झालं?"

"हेच," ते म्हणाले. "जबडा बसला. मी तेव्हा मुंबईला शिकत होतो. घरातल्याच चाकूनं नाळ कापली होती. मी असतो तरी तोच चाकू दिला असता. तेव्हा मलाही काही माहीत नव्हतं. आताही नक्की माहीत नाही. धुतलेल्या हातांनी आणि स्वच्छ पात्यानं कापलं तर कमी मुलं जातात, एवढंच मी पाहिलंय. का, ते विचारू नका."

आशाबाई सरकून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. गोदाबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या की भटजींना गूळपाणी द्या. त्या घरात यापेक्षा मोठा मान नव्हता.

मग बोलणी झाली आणि ती भाषणासारखी मुळीच नव्हती, बाजारातल्यासारखी होती. पौषातली थंडी, दारं सताड उघडली तर बाळंतिणीला वारं लागेल, असं तानुबाईनं आतून बजावलं. चिंतामणरावांनी विचार केला आणि ते बरोबर आहे म्हणाले. वरचा झरोका उघडा राहील आणि शेगडी बाजेखालून दाराशी येईल, असं ठरलं. कच्चं पाणी तानुबाई देऊ देईना. ओवा घालून उकळलेलं चालेल का, असं त्यांनी विचारलं. ते कितीही चालेल, औषधच आहे, असं ती म्हणाली. हात धुवायचं निघालं तेव्हा मात्र तिला राग आला. माह्या हातावर अर्धं गाव जलमलं, असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा गोदाबाई उठल्या. त्यांनी निंबाचा पाला घातलेलं कढत पाणी घेतलं, आधी स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले आणि तांब्या तानुबाईपुढे धरला. सटवाईचं काम करून राहिलो आपण, धुतलेले बरे, एवढंच त्या बोलल्या. मालकीणबाई पाणी ओततेय म्हटल्यावर तानुबाईनं मुकाट्यानं हात पुढे केले.

उरला विळा. चिंतामणरावांनी पेटीतून नवी कात्री काढली. आशाबाई म्हणाल्या, हेच पाह्यजे. सगळ्यांनी जानरावांकडे पाहिलं आणि जानरावांनी, सवयीप्रमाणे, गोदाबाईंकडे बोट दाखवलं. मला स्वतःला काही अडचण नाही, पण बायकांची श्रद्धा आहे, ती कशी मोडायची, असं ते म्हणाले.

गोदाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

"माही श्रद्धा?" त्या म्हणाल्या. "अवो, दोन लेकरं मी माह्या हातानं पुरायले देल्ली. त्या इळ्याले रोज फूल वायतो ते भेवानं. तुमच्या घराण्याचा इळा म्हणून बोलली नाई. तुमी तं त्याले चांदीची मूठ लावली."

"मले वाटलं तुले पाह्यजे."

"मले वाटलं तुमाले पाह्यजे."

दोघांनी तानुबाईला विचारलं. ती म्हणाली, मले जे हातात द्याल त्यानं कापतो, माहा काय संबंध. म्हणजे ज्या विळ्याच्या धाकानं सगळं घर चळचळा कापत होतं, तो त्या घरात कुणालाच नको होता. जानराव मटकन कापसावर बसले. एवढी वर्षं एका छपराखाली राहून, एका ताटाशी बसून, बायकोला एक साधी गोष्ट विचारायचं राहून गेलं होतं आणि त्या राहून गेलेल्या गोष्टीला त्यांनी वर चांदी चढवली होती. हसावं की काय करावं, हे त्यांना कळेना.

आशाबाई कात्री घेऊन आत निघाल्या. तेवढ्यात पडद्यामागून वच्छलेचा आवाज आला. कळेच्या मधल्या उसंतीतला, धाप लागलेला.

"इळाच पाह्यजे."

आशाबाई काही बोलू लागल्या, तिनं बोलू दिलं नाही.

"तुमी सारे इथं हाये म्हणून कात्री म्हणता, आई. उद्या लेकराले काई झालं तं गाव काय म्हणीन? इनं इळा लागू देल्ला नाई म्हणून मेलं म्हणीन. माह्यावरच येईन ना. मंग मले अचलपूरची येऊन ताट वाढीन." थोडा वेळ फक्त श्वास ऐकू आला. "इळा वापरा. पर मले भेव वाटते त्याचं. भेव वाटणार नाई असं काई करा."

जानरावांना जमिनीत जावंसं वाटलं. "पाहू" हा एवढासा शब्द. तो त्यांनी ओसरीवर टाकला होता आणि ही पोर तो पोटाशी घेऊन आत वेणा देत होती.

चिंतामणरावांनी कात्री पेटीत ठेवली. बाळंतिणीच्या मनात धास्ती असेल तर कात्रीचा उपयोग नाही, असं ते हळूच म्हणाले आणि गोदाबाईंकडे वळले. घरातलं भांडं विटाळलं तर तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. राखेनं घासतो, इस्तवात घालतो, असं गोदाबाई म्हणाल्या, हे काय विचारणं झालं.

"आणि दोन मयतींचा विटाळ लागलेला विळा?"

गोदाबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग उठल्या, तडक देवघरात गेल्या आणि विळा घेऊन आल्या. "याचं तं सुतकच फिटलं नाई आजलोक," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् आमी हळद लावून ठेवून देल्ला." बरकतीचं त्यांना कुणी विचारलंच नाही. सुतक फिटल्याशिवाय बरकत कसली?

परसात विस्तव फुलवला. गोदाबाईंनी विळा वाळूनं घासला, राखेनं घासला, कढत पाण्यानं धुतला आणि निखाऱ्यांत घातला. पूर्वजांच्या आशीर्वादाचे पोपडे निघून पडू लागले. जानराव शेजारी उकिडवे बसले होते. हे आपण आधीच करायला हवं होतं, असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटून काही होत नाही हेही. पातं लाल झालं, तशी चांदीची मूठ हलली, वाकली आणि गळून राखेत पडली. मुठीच्या आत सगळी लाखच भरलेली होती. वर चांदीचा पत्रा कांद्याच्या पापुद्र्याएवढा.

आधी कुणी हसलं नाही. धनी बसले होते. मग धनीच हसले. सोनारानं बरोबर माणूस ओळखला, असं ते म्हणाले, आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आशाबाईंनी आत जाऊन लेकीला सांगितलं आणि पडद्यामागून, कळांच्या मधून, वच्छलेच्या हसण्याचा आवाज आला. त्या घरात ती कधी हसली होती, हे जानरावांना आठवेना.

दिवस मावळायच्या आत लेकरू झालं. नाळ मूळपुरुषाच्या विळ्यानंच कापली. मूठ नव्हती, तेव्हा तानुबाईनं उकळून वाळवलेल्या फडक्यात तो धरला होता. नाळेवर राख की शेण, असा वाद आतमध्ये झाला असावा, कारण चिंतामणराव बाहेरून दोनदा "काही नको, काही नको" म्हणाले. आईच्या अंगावरचा पहिला चीक पिळून टाकायचा, हा रिवाज मात्र तानुबाईनं सोडला नसता. पण गोदाबाईंनी बाळ उचलून सरळ आईजवळ दिलं. सटवाईचा प्रसाद कुणी उकिरड्यावर टाकतं का, असं त्यांनी विचारलं. हे वाक्य त्यांना कुठून सुचलं देव जाणे, पण तानुबाई बाजूला सरकली.

मुलगा की मुलगी, हे जानरावांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी महादेवराव आले आणि त्यांनी विचारलं, तेव्हा जानरावांना आत जाऊन विचारून यावं लागलं. मुलगी होती.

मग ते दिवस आले. पाचवी पुजली, सटी झाली. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. जानराव खोलीच्या दाराशी बैठक मारून बसले. अडत्या आला, त्याला परत पाठवलं. त्यांचं सगळं लक्ष आतल्या रडण्यावर होतं. रडणं चालू झालं की त्यांना धीर येई, थांबलं की ते अर्धवट उठत. मग गोदाबाई आतून सांगत, झोपलं हाये. हे रोज कितीदा तरी होई. पहिली दोघं गप्प झाली तो दिवस उजाडला तेव्हा जानरावांनी तोंडात पाणीही घेतलं नाही. दुपारी बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. गोदाबाईही काही बोलल्या नाहीत. जानराव डोळे मिटून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाकडे काही मागितलं नाही, नुसते बसून राहिले.

आणि मग पोरीनं असा टाहो फोडला की ओसरीवर महादेवराव दचकले. तोंड मोठं उघडून, जबडा चांगला ताणून, भुकेनं पिसाळून ती रडत होती. गोदाबाई पडद्यातून बाहेर आल्या, खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि रडू लागल्या. आपली बायको रडते हेही जानराव त्या दिवशीच पाहत होते.

महादेवराव खाकरले. देव पावला, असं म्हणाले, पण शेवटी मुलगीच, अचलपूरवाल्यांना किती दिवस खोळंबून ठेवायचं, असंही म्हणाले.

"त्यांले सांगजा, आमच्या घरी जागा नाई," जानराव म्हणाले. "कापूस भरला हाये."

जानरावांनी महादेवरावांकडे पाठ केली आणि ते पडद्याशी जाऊन उभे राहिले. सासऱ्यानं तिथं उभं राहायची रीत नव्हती. काय बोलावं हे त्यांना सुचेना. लेकराचं रोज विचारत होते. दोन बाळंतपणं झाली, तिसरं झालं, या तिन्हीत एक गोष्ट त्यांनी कधी विचारली नव्हती.

"वच्छला," ते म्हणाले. "तू कशी हायेस व?"

आतलं रडणं थांबलं होतं. पोरगी प्यायला लागली असावी. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"भूक लागली, मामाजी," वच्छला म्हणाली. "लई भूक लागली."

गोदाबाई डोळे पुसत निघाल्या होत्या. जानरावांनी त्यांना हातानं थांबवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. तिथं भाकरी कशात ठेवतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एक एक झाकण उघडून पाहिलं. मिठाची बरणी उघडली, हळदीची उघडली, शेवटी टोपलं सापडलं. भाकरीवर त्यांनी इतकं तूप ओतलं की ते मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं, आणि तसेच, दोन्ही हातांत ताट सांभाळत, ते परत सुनेच्या दाराकडे निघाले.